जुनी येझदी चालवायला आणताना: आधी हवा, मग रंग

जुनी येझदी किंवा जावा हाती आली की बहुतेकांचा पहिला फोन पेंटरला जातो. टाकीला क्रोम, पट्ट्या, नवी सीट असं सगळं होतं आणि तीन-चार महिन्यांनी चकचकीत गाडी दारात उभी राहते. मग पहिल्याच लांबच्या फेरीत घोडबंदर रोडला पिस्टन जाम होतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हाच पंप असतो. तो हवाबंद नसेल तर बाकी कितीही खर्च केला तरी गाडी नीट चालत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: कागदपत्रं, हवेची गळती, सिलिंडर, पेट्रोल, स्पार्क, ब्रेक, आणि रंग सगळ्यात शेवटी.

इथे लिहिलेलं सगळं म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या २५० सीसी, सिंगल सिलिंडर, दोन सायलेन्सरच्या गाड्यांबद्दल आहे. जावा, येझदी क्लासिक आणि रोडकिंग अशी ही मंडळी. अलीकडे आलेल्या फोर-स्ट्रोक जावा-येझदीशी यांचं नाव सोडून काही नातं नाही.

विकत घेण्याआधी

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढा आणि अंक एका रेषेत, एकाच खोलीचे आहेत ना ते पाहा. ही छाप जपून ठेवा. पुढे चासी ब्लास्टिंगला किंवा पावडर कोटिंगला जाईल तेव्हा नंबरावर टेप लावायला सांगा, नाहीतर रंगाच्या थराखाली नंबर बुजतो आणि आरटीओत उभं राहायची वेळ येते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. ते कधीपासून थकलं आहे हे विचारूनच भाव ठरवा. रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद आरसीत करावी लागते.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. पण त्या पाटीवर रोजचा वापर चालत नाही, गाडी प्रदर्शनं, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. तुम्हाला गाडी चालवायची आहे, तेव्हा साधी नोंदणीच जिवंत ठेवा.

हवेची गळती

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं डायलवालं ब्लड प्रेशरचं यंत्र घ्या. त्याचा रबरी फुगा आणि डायल एवढंच कामाचं, हाताची पट्टी काढून ठेवा. डायलवरचे ३०० म्हणजे ०.४ बार, आणि टू-स्ट्रोक क्रँककेस तपासायला नेमका एवढाच दाब हवा. कॉम्प्रेसर लावू नका, जास्त दाबाने चांगलं सीलही उलटतं.

कारबोरेटर काढा. इनटेकच्या तोंडाला रबराचं बूच बसवा आणि त्यातून एक नळी आत घ्या. पुढच्या दोन्ही एक्झॉस्ट पोर्टना बूच मारा. प्लग घट्ट बसवा. उजव्या बाजूचं कव्हर आणि डायनामो काढा, म्हणजे उजवं क्रँक सील (क्रँकच्या टोकाभोवतीची हवाबंद रबरी कडी) उघडं पडेल. पिस्टन वर आणा आणि फुगा दाबत दाब ३०० पर्यंत न्या. इंजिन निरोगी असेल तर एका मिनिटात काटा ५० पेक्षा जास्त उतरत नाही. झरझर उतरला तर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावत सुटा: सिलिंडरच्या बुडाशी, इनटेकच्या गॅसकेटला, केसच्या मधल्या सांध्याला, उजव्या सीलच्या ओठाला. फेस फुगला की चोर सापडला. मग पिस्टन खाली आणून पुन्हा दाब भरा आणि हेडच्या कडेने तसंच बघा.

डावं सील प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या साखळीच्या) मागे लपलेलं असतं, तिथे साबण पोहोचत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सचं तेल भरायचं तोंड उघडा आणि त्यावर वाढदिवसाचा फुगा ताणून बसवा. ब्रीदरचं भोक टेपने बंद करा. दाब भरल्यावर फुगा हळूहळू उभा राहू लागला की डावं सील गेलं.

दोन्ही सीलांचा आजार वेगळा दिसतो. उजवं सील गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं: मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप वाढतं, गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. पिस्टन जाम होण्याचं हे एक नंबरचं कारण. डावं सील गेलं तर इंजिन गिअरचं तेल पितं: पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो आणि गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते. अशा वेळी पुष्कळ जण टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल) कमी करून धूर घालवायचा प्रयत्न करतात. त्याने धूर हटत नाही, उलट बेअरिंग मरतं.

सील आणि बेअरिंगसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच न्या. मेन बेअरिंग मात्र सी३ क्लिअरन्सचंच (आत जास्त फट असलेलं) मागा, कारण साधं बेअरिंग इंजिन गरम झाल्यावर आवळतं. सील व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) मिळालं तर दोन पैसे जास्त द्या, त्याचं कारण पेट्रोलच्या भागात येईल. केसचे दोन भाग जोडताना साधं सिलिकॉन वापरू नका. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. न सुकणारं गॅसकेट कंपाउंड पातळ थरात लावा.

केस उघडलीच आहे तर क्रँक बघून घ्या. कनेक्टिंग रॉड थोडा बाजूला हलला तर चालेल, वर-खाली अजिबात हलता कामा नये. नवा रॉड बसवल्यावर क्रँक सेंटरवर फिरवून डायल गेजने तपासायला सांगा. ०.०३ मिमीच्या आत डगमग असेल तरच घरी आणा. नजरेने सरळ दिसणारा क्रँक पुढे दोन्ही सीलं खातो.

सिलिंडर आणि पिस्टन

मूळ बोअर ६५ मिमी. पुढचे ओव्हरसाइझ पाव-पाव मिमीने वाढत जातात: ६५.२५, ६५.५० असे. आधी पिस्टन विकत घ्या, मग तो पिस्टन हातात देऊनच बोअर करून घ्या. पाकिटावरचा आकडा आणि प्रत्यक्ष पिस्टन यांच्यात फरक निघतो. स्कर्टपाशी, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागापाशी, ०.०७ ते ०.०८ मिमी फट ठेवा. लेथवाले ‘तीन थाऊ’ (इंचाचे तीन हजारांश) म्हणतात ते हेच. घट्ट बोअर म्हणजे चांगलं काम अशी समजूत आहे, पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे फिन्सना वारा मिळत नाही, तिथे घट्ट बोअर पहिल्याच आठवड्यात पकडतो.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा चाकूसारख्या धारदार होतात. त्या घासायच्या राहिल्या तर रिंग तिथे अडकून मोडते. सिलिंडर घरी आणला की बोट आत घालून प्रत्येक पोर्टची कड चाचपा. बोट अडकलं किंवा ओरखडा आला तर कड अजून तशीच आहे. बारीक ऑइलस्टोनने अर्धा मिमीची उतरती कड काढा, वरची आणि खालची जास्त काळजीने. नंतर सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं आत फिरवून काळं निघायचं थांबेपर्यंत. रॉकेलने धुतलं तर होनिंगची बारीक भुकटी रेषांमध्ये तशीच राहते.

रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा: ०.२५ ते ०.३५ मिमी. पिस्टनवरचा बाण पुढे, एक्झॉस्टकडे. रिंगची टोकं खोबणीतल्या पिनवर नीट बसली आहेत याची खात्री करून मगच सिलिंडर खाली उतरवा. जोर लावायची वेळ आली तर थांबा, टोक पिनवर चढलेलं असतं.

सायलेन्सरचे बॅफल (आतल्या आवाज दाबणाऱ्या नळ्या) काढून जाळून घ्या. आत कार्बन साचला असेल तर नवं पिस्टन घालूनही गाडी ओढणार नाही. कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरणार असाल तर सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यात नको. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाऊ देऊ नका.

पेट्रोल, टूटी आणि कारबोरेटर

या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं. आता पंपावर ई२० येतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. जुन्या टू-स्ट्रोकला याचे तीन त्रास आहेत आणि तिन्ही आधीच सोडवून ठेवता येतात.

पहिला त्रास मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या जेटवर इंजिन पातळ चालतं आणि तापतं. मेन जेट एक किंवा दोन नंबरने मोठा करा आणि सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येईल. मूळ कारबोरेटरची स्लाइड ढिली होऊन खडखडत असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. व्हर्निअरने मूळ कारबोरेटरचा बोअर मोजा आणि त्याच मापाचा मिकुनी व्हीएम घ्या. मोठा घेऊन वेग वाढत नाही, खालचा पुल मात्र जातो. नकली माल खूप आहे, जेटवर कोरलेले आकडे पुसट किंवा वाकडे असतील तर घेऊ नका.

दुसरा त्रास रबराचा. जुना पारदर्शक पाइप पिवळा पडून कडक होतो, कॉकमधला कॉर्क भुसभुशीत होतो. पाइप, ओ-रिंग, सील सगळं इथेनॉलला टिकणारं घाला.

तिसरा त्रास पाण्याचा, आणि आपल्या हवेत तो सगळ्यात वाईट. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक नेमका तिथूनच घेतो. त्या थरात टूटी ऑइल विरघळत नाही, म्हणजे इंजिनला वंगण नसलेलं काहीतरी मिळतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. उभ्या गाडीचं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. गढूळ दिसलं किंवा तळाला वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी मोजता येतं. ऑइल घालण्यापूर्वीचं ८० मिली पेट्रोल मोजपात्रात घ्या, त्यात २० मिली पाणी घालून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर २० वरून ३५ च्या आसपास गेला तर पेट्रोल ई२० आहे. हे पाणी मिसळलेलं पेट्रोल टाकीत परत जाऊ देऊ नका.

टूटी ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा त्यावरच्या दर्जाचं, लिटरला ४० मिली. पहिल्या ५०० किलोमीटरला ५० मिली. ‘अजून थोडं असू दे’ म्हणून ओतू नका: ऑइल वाढलं की त्या प्रमाणात पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण पातळच होतं. टाकीत ओतून गाडी हलवण्यापेक्षा पाच लिटरच्या कॅनमध्ये मिसळून आणा.

टाकीतला गंज काढायला प्रिन्सेस स्ट्रीटला सायट्रिक ॲसिडची पावडर सुटी मिळते. कोमट पाण्यात लिटरला ८० ग्रॅम, टाकी गळ्यापर्यंत भरून २४ तास. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि आतून टूटी ऑइल फिरवा. इथे एक तास उशीर केला तरी पत्रा पुन्हा तांबूस होतो. टाकी गळत नसेल तर आतून इपॉक्सी लावू नका. इथेनॉलने काही लेप सुटतात आणि त्यांचे पापुद्रे थेट जेटमध्ये जातात.

शेवटी कॉक उघडून पाइपमधून पेट्रोल बाटलीत सोडा. एका मिनिटात पाव लिटर यायला हवं. कमी आलं तर कॉकची जाळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक साफ करा. गाडी दहा मिनिटं चालून बंद पडते, झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ होतं आणि पुन्हा सुरू होते, तर दोष त्या भोकाचा.

स्पार्क आणि दिवे

पॉइंटची (उघडताना स्पार्क पाडणाऱ्या संपर्क टोकांची) फट ०.४ मिमी. आधी फट, मग टायमिंग (स्पार्क पडायचा क्षण). उलट केलं तर फट बदलताना टायमिंग पुन्हा हलतं. टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज लावून ठरवा आणि पॉइंट उघडण्याचा क्षण मल्टीमीटरवर पकडा. आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला हवा, क्लासिकचा आकडा रोडकिंगला लावू नका. पॉइंट उघडताना निळी ठिणगी दिसते आणि टोकं काळी पडतात तेव्हा कंडेन्सर बदला. प्लग १४ मिमीचा, आखूड चुडीचा. एनजीके बी७एचएस आपल्या रहदारीला ठीक बसतो. लांब चुडीचा प्लग चुकून बसवला तर पिस्टनला भोक पडू शकतं.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने सुरू होणारी गाडी हा सगळ्यांना छळणारा आजार. ती बंद पडल्या क्षणी प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. स्पार्क तांबूस, अशक्त असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. स्पार्क निळा आणि जोरदार असेल तर पुन्हा सीलकडे आणि कारबोरेटरकडे या.

६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्ट करणं ही या गाडीवरची सगळ्यात उपयोगी सुधारणा. ३५ वॉटचा हेडलाइट ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो, १२ वर त्याच्या निम्मे. जुन्या स्विचमधल्या आणि गंजलेल्या जोडांमधल्या व्होल्टच्या चोरीचा परिणाम तेवढा कमी होतो. जावासाठी चेक प्रजासत्ताकात बनणारी व्हेप कंपनीची इग्निशन आणि चार्जिंगची पूर्ण किट मिळते. त्यात पॉइंटही जातात आणि डायनामोही. खर्च बराच आहे, पण रात्री पावसात घरी यायचं असेल तर वसूल होतो. हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, फ्लॅशर, बॅटरी हे सगळं १२ चं घ्या, आणि बॅटरीचं कोणतं टोक चासीला आहे ते जुनी वायर सोडवण्याआधी टिपून ठेवा. एलईडीला उलटं टोक चालत नाही. वायरिंग लोहार चाळीतून चांगल्या तांब्याच्या वायरने नवं करा आणि चासीच्या मधोमध एक स्वतंत्र अर्थ वायर फिरवा. रंगवलेल्या चासीवर बोल्टने मिळणारी अर्थ भरवशाची नसते. काम झाल्यावर दिवा लावून बॅटरीवर आणि बल्बवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी जोड अजून वाईट आहे.

ब्रेक

‘जुन्या ड्रमला ब्रेक लागतच नाही’ हे खरं नाही. बहुतेक वेळा ड्रम अंडाकृती झालेला असतो. स्पोक ताणले की ते हबला ओढतात, म्हणून आधी चाक विणून सरळ करा आणि त्यानंतर चाकासकट ड्रम लेथवर हलका कातून घ्या. सुटा हब कातून मग चाक विणलं तर पैसे वाया. नवी लायनर चिकटवल्यावर ड्रमच्या आत सँडपेपर चिकटवा आणि शूज त्यावर फिरवून घासा. घासल्याची खूण लायनरच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरली की शू बसला. ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ड्रमवरची लिव्हर यांच्यात काटकोन व्हावा. लिव्हर आधीच केबलकडे कललेली असेल तर एक दाता मागे घ्या. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं: ती फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

स्पोक स्टेनलेस स्टीलचे घाला. आपल्या खाऱ्या हवेत क्रोमचे स्पोक दोन पावसाळे काढतात, फार तर तीन.

गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात, सुमारे एक लिटर, लेव्हल स्क्रूपर्यंत. २०डब्ल्यू-४० चं, जासो एमए असं लिहिलेलं बाइकचं तेल घाला. कारचं तेल घातलं तर क्लच सरकतो.

पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या दिवशी दहा-दहा मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या, असं चार-पाच वेळा. गार इंजिनवरच हेडचे नट तिरक्या क्रमाने पुन्हा बघा. सकाळी सहाच्या आत बाहेर पडा. सिग्नलला पाच मिनिटं उभं राहावं लागेल तर इंजिन बंद करा.

उतारावर एक गोष्ट हाताला लावून घ्या. पेट्रोलमधूनच ऑइल येतं, म्हणून थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये वेगाने उतरलात तर इंजिन फिरत राहतं पण वंगण मिळत नाही. माळशेज किंवा कसारा उतरताना दर काही सेकंदांनी थोडा थ्रॉटल द्या, नाहीतर क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या.

५०० झाले की प्लग काढा. मधला सिरॅमिक चॉकलेटी असेल तर जेट बरोबर आहे, पांढुरका असेल तर एक नंबर वर जा. मग लेव्हल स्क्रू उघडा. तेल ओठाशी आहे आणि त्याला पेट्रोलचा वास नाही, तर डावं सील धरून आहे. आता पेंटरला फोन लावायला हरकत नाही.